आठव्या मिनिटाचा बदल: किम कुलिगच्या कारकिर्दीचं प्रकरण

9 जुलै 2011, वोल्फ्सबुर्ग. महिला विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, यजमान जर्मनी विरुद्ध जपान, स्टेडियममध्ये 26,067 प्रेक्षक. खेळ नुकताच सुरू झाला होता. 21 वर्षांची मिडफिल्डर किम कुलिग चेंडूसाठी उडाली, खाली येताना तिचा गुडघा वळला आणि आठव्या मिनिटाला तिच्या जागी बियांका श्मिट मैदानात आली. गुडघ्यातला क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे आतला आडवा-तिरपा बंध, तुटला होता. जर्मनीच्या जर्सीतला तिचा तो शेवटचा सामना ठरला. खात्यावर 33 सामने आणि 7 गोल.

या प्रकरणाबद्दल बोलताना बहुतेक जण एका वाक्यात मोकळे होतात: विश्वचषकातल्या दुखापतीने तिची कारकीर्द संपवली. पण दुखापत 2011 ची आणि निवृत्ती 2015 ची. आठव्या मिनिटात जे घडलं त्याला नशीब म्हणता येईल. त्यानंतरच्या चार वर्षांना नशीब म्हणून सोडून देता येत नाही, कारण गुडघ्याचं पुढे काय होणार हे त्याच काळात ठरतं. मुलींचं फुटबॉल शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण अभ्यासावं ते त्यासाठीच.

एकविसाव्या वर्षापर्यंत

कुलिगचा जन्म 9 एप्रिल 1990 चा, श्टुटगार्टजवळच्या हेरेनबेर्गचा. जवळच्याच झिंडेलफिंगेनच्या क्लबमधून ती 2008 मध्ये हॅम्बुर्गला गेली आणि वर्षभरात राष्ट्रीय संघात पोहोचली. 10 सप्टेंबर 2009 रोजी हेलसिंकीत युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जर्मनीने इंग्लंडला 6-2 हरवलं. त्यात मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत 3-1 करणारा गोल तिचा होता. तेव्हा ती 19 वर्षांची होती. पुढच्याच उन्हाळ्यात मायदेशी झालेला 20 वर्षांखालील विश्वचषकही जर्मनीने जिंकला आणि त्या संघातही ती होती.

तिची जागा बचावफळीच्या पुढे, मधोमध. जर्मन फुटबॉलमध्ये या जागेला आकड्यानेच ओळखतात: सहा. दोन खेळाडू जोडीने असतील तर दुहेरी सहा. 2011 मध्ये ती जोडी होती सिमोने लाउडेर आणि कुलिग यांची. या जागेवरच्या खेळाडूची कामं प्रेक्षकांच्या नजरेत फारशी भरत नाहीत. समोरच्या गोलकीपरने लांब मारलेला चेंडू हवेत पहिला गाठायचा, बचावपटूकडून पास घेताना अर्धवट वळलेल्या पवित्र्यात राहून पुढचा पास एका स्पर्शात सोडायचा, साथीदार पुढे गेली की तिच्या मागची मोकळी जागा भरायची. गुडघ्याच्या भाषेत याचा अर्थ असा की उड्या, एका पायावरचं उतरणं, धावता धावता थांबणं आणि अचानक वळणं हे सगळं नव्वद मिनिटं सतत. सरळ रेषेत धावण्याने गुडघा दमतो, पण बंध सहसा तुटतो तो थांबताना, वळताना आणि उतरताना.

घरच्या विश्वचषकासाठी जर्मनीने तयारीत काही कमी ठेवलं नव्हतं. 2010-11 ची बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीतली अव्वल साखळी स्पर्धा, मार्चमध्येच उरकण्यात आली, म्हणजे राष्ट्रीय संघाला सलग काही आठवडे एकत्र सराव करता यावा हा हेतू. 2003 आणि 2007 चे विश्वचषक त्यांच्याच नावावर होते आणि 1999 नंतर विश्वचषकात त्यांनी एकही सामना गमावलेला नव्हता. गटात कॅनडा 2-1, नायजेरिया 1-0, फ्रान्स 4-2 असे तिन्ही सामने जिंकून संघ वोल्फ्सबुर्गला आला होता.

उरलेली 112 मिनिटं

आठव्या मिनिटाच्या बदलाची किंमत समजून घ्यायची तर तेव्हाचा नियम आठवावा लागतो. एका सामन्यात फक्त तीन बदल. आणि हा सामना गोलशून्य बरोबरीमुळे जादा वेळेत, 120 मिनिटांपर्यंत गेला. जादा वेळेत चौथा बदल देण्याची मुभा त्या वेळी नव्हती, ती 2018 मध्ये आली. त्यामुळे प्रशिक्षक सिल्व्हिया नाइड यांच्या हातात 112 मिनिटांसाठी दोनच बदल उरले.

शिवाय बदल जागेला जागा असा नव्हता. श्मिट ही उजव्या बाजूची बचावपटू. ती बचावात आली आणि तिथे खेळणारी लिंडा ब्रेझोनिक मधल्या फळीत सरकली. एका दुखापतीने दोन जागा हलल्या आणि दुहेरी सहाची जोडीच मोडली. समोर जपान होतं, म्हणजे छोट्या पासांनी मधली फळी व्यापून टाकणारा, होमारे सावाच्या तालावर खेळणारा संघ. जिथे जपान सर्वांत बळकट, नेमकी तिथेच जर्मनीची घडी विस्कटली. 65 व्या मिनिटाला ब्रेझोनिकच्या जागी लेना गेसलिंग आली, म्हणजे दुसरा बदलही मधल्या फळीतच खर्ची पडला. तिसरा 102 व्या मिनिटाला: इंका ग्रिंग्सच्या जागी आलेक्सांड्रा पॉप.

108 व्या मिनिटाला सावाच्या पासवर कारिना मारुयामाने उजव्या बाजूच्या अरुंद कोनातून गोल केला. उरलेल्या बारा मिनिटांत नाइड कोणालाही उतरवू शकत नव्हत्या. 128 आंतरराष्ट्रीय गोल करणारी बिर्गिट प्रिन्त्स बाकावरच बसून राहिली. तिला उतरवलंच असतं आणि तिने गोल केलाच असता असं नाही, पण हुकमाचं पान हातात असणं आणि नसणं यात फरक असतोच.

त्या पराभवाचा दुसरा फटका स्पर्धेबाहेर बसला. लंडन ऑलिम्पिकसाठी युरोपच्या जागा याच विश्वचषकातल्या कामगिरीवर ठरणार होत्या. स्वीडन आणि फ्रान्स उपांत्य फेरीत गेले आणि जर्मनी 2012 च्या ऑलिम्पिकला मुकली. 2016 मध्ये रिओत जर्मनीने सुवर्णपदक जिंकलं तेव्हा कुलिग निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. ती ऑलिम्पिक कधीच खेळली नाही.

त्या क्षणी गुडघ्यात काय होतं

गुडघ्यातला पुढच्या बाजूचा क्रुशिएट लिगामेंट जेमतेम तीन सेंटीमीटर लांबीचा असतो. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे घसरू नये आणि गरकन फिरू नये हे त्याचं काम. पाय टेकताना गुडघा जवळपास सरळ असेल, आतल्या बाजूला झुकला असेल आणि शरीराचा भार त्याच एका पायावर आला असेल, तर जमिनीला स्पर्श झाल्यापासून सुमारे 40 मिलिसेकंदांत बंध तुटू शकतो. एवढ्या वेळात मेंदूकडून स्नायूला निरोपही पोहोचत नाही. ‘जरा सांभाळून उतर’ हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी आहे. सांभाळणं आधीच अंगवळणी पडलेलं असावं लागतं.

फुटबॉलमध्ये मुलींना आणि स्त्रियांना ही दुखापत पुरुषांच्या दोन ते तीन पट होते. कारणं विचारली की लोक लगेच कंबरेच्या रुंदीवर आणि संप्रेरकांवर येतात. त्यांचा वाटा असेलही, पण आपल्या हातात असलेली कारणं अधिक महत्त्वाची वाटतात: मांडीच्या पुढच्या स्नायूच्या मानाने मागचा हॅमस्ट्रिंग कमजोर असणं, उडीनंतर गुडघा आत पडू देण्याची सवय, मुलींच्या वाट्याला उशिरा आणि कमी येणारा ताकदीचा सराव, पुरुषांच्या पायांच्या मापावर बेतलेले बूट, आणि सरावासाठी मिळणारी उरलीसुरली मैदानं.

दुखापत झाल्यावर ओळखायची खूण साधी आहे. ‘आत काहीतरी तुटल्यासारखं झालं’ असं खेळाडू सांगते, कधी आवाजही येतो, आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगतो. हळूहळू दुसऱ्या दिवशी आलेली सूज वेगळी आणि काही तासांतच आलेली सूज वेगळी. पटकन आलेली सूज म्हणजे आत रक्तस्राव, आणि अशा गुडघ्यावर त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही, मग चालता येत असलं तरी. चालता येतं म्हणून ‘मुरगळलंय’ असं समजून पुढच्या आठवड्यात खेळायला उतरणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. बंध तुटलेल्या गुडघ्यात हाडं सुटी हलतात आणि मधली मेनिस्कसची गादी व कूर्चा घासली जाते. बंध नव्याने बसवता येतो, झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. एवढं एक वाक्य प्रत्येक पालकाने ऐकलेलं असावं.

शस्त्रक्रियेपासून मैदानापर्यंत

शस्त्रक्रियेची घाई सहसा करायची नसते. सूज उतरेपर्यंत आणि गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत काही आठवडे थांबतात, नाहीतर आत चिकट तंतू होऊन सांधा आखडतो. मेनिस्कस अडकून गुडघा कुलूपबंद झाला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थांबून चालत नाही. नवा बंध खेळाडूच्याच शरीरातून घेतात: हॅमस्ट्रिंगचा स्नायुबंध, वाटीखालचा स्नायुबंध किंवा मांडीच्या पुढच्या स्नायूचा. प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. हॅमस्ट्रिंगचा घेतला तर नडगीला मागे ओढून धरणारा, म्हणजे बंधाला मदत करणारा स्नायूच कमजोर होतो. वाटीखालचा घेतला तर गुडघे टेकताना पुढे दुखत राहतं.

पहिले दोन आठवडे एकच ध्यास: गुडघा पूर्ण सरळ होणं. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, गुडघ्याखाली काहीही नाही, आणि मांडी आवळून गुडघा पलंगाकडे दाबायचा. रुग्ण बहुधा उलटं करतात. बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपतात आणि दहा दिवसांत गुडघा किंचित वाकलेलाच राहायला लागतो. तपासायची युक्ती अशी: खेळाडूला पलंगावर पालथं झोपवून दोन्ही नडग्या पलंगाच्या कडेबाहेर काढायच्या आणि टाचांच्या उंचीतला फरक पट्टीने मोजायचा. एक सेंटीमीटर फरक म्हणजे साधारण एक अंश कमी. डोळ्यांना पाच अंश दिसत नाहीत, पट्टीला दिसतात. आणि पाच अंशांनी कमी सरळ होणाऱ्या पायावर मांडीचा स्नायू कधीच पुरता भरत नाही.

मग येतो सगळ्यात फसवा काळ, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्याचा. दुखणं थांबलेलं, सूज गेलेली, जिना चढता येतो, खेळाडू खूश. आणि नेमका याच वेळी नवा बंध सर्वांत कच्चा असतो. बसवलेल्या तुकड्यातल्या जुन्या पेशी मरून त्यात नव्याने रक्तवाहिन्या शिरत असतात, तोवर त्याची ताकद बसवल्या दिवसापेक्षाही कमी असते. गुडघ्याची भावना आणि गुडघ्याची अवस्था यांची इतकी फारकत दुसऱ्या कुठल्याही टप्प्यावर नसते.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सरळ धावणं, पाचव्या-सहाव्यात वळणं आणि उड्या, पुढे धक्काबुक्कीशिवायचा संघाबरोबरचा सराव. 2011 च्या सुमाराला ‘सहा महिन्यांत मैदानात’ हे अनेक क्लबांचं सरधोपट उद्दिष्ट होतं. 2016 मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की पुनरागमन नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवावं, तितकं पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण दर महिन्याला जवळपास निम्म्याने घटतं. 25 वर्षांखालच्या खेळाडूंपैकी मैदानात परतणाऱ्या सुमारे 23 टक्के जणांचा बंध पुन्हा तुटतो, कधी तोच, कधी दुसऱ्या पायाचा. कुलिग तेव्हा 21 वर्षांची होती.

महिने मोजणंही पुरेसं नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के हवी, आणि एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्यांत उडीची लांबीही दुसऱ्या पायाच्या तेवढेच टक्के. इथे एक खाच आहे. नऊ महिने न खेळलेल्या मुलीचा ‘चांगला’ पायही उतरलेला असतो. त्याच्याशी तुलना केली तर दोन कमजोर पाय एकमेकांना पास करतात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला, सगळ्या धडधाकट असताना, प्रत्येकीची दोन्ही पायांची ताकद आणि उडीचं अंतर वहीत लिहून ठेवावं. उडीच्या अंतरासाठी खर्च शून्य, लागते ती मोजपट्टी.

फ्रँकफर्टची वर्षं

विश्वचषकानंतर कुलिग हॅम्बुर्ग सोडून 1. एफएफसी फ्रँकफर्टकडे आली, जर्मनीतल्या त्या वेळच्या सर्वांत बड्या क्लबांपैकी एकाकडे. आली ती तुटलेल्या गुडघ्यानिशी. नव्या क्लबमध्ये जखमी अवस्थेत येणं हा वेगळाच भार असतो. सहकाऱ्यांबरोबर एकही सामना न खेळता ड्रेसिंग रूममध्ये बसायचं, सराव चालू असताना कडेला फिजिओबरोबर धावायचं, आणि आपण इथे का आलो हे सिद्ध करायची संधी महिनोन्‌महिने नाही. अशा वेळी घाई आतूनच सुरू होते, बाहेरून कोणी ढकलावं लागत नाही. मागे वळून पाहायला जुनं घरही राहिलं नाही. पैशाअभावी हॅम्बुर्गने 2012 मध्ये महिलांचा संघ बुंडेसलिगातून काढून घेतला.

फ्रँकफर्टमध्ये तिच्या वाट्याला मोजकेच सामने आले. गुडघा तिला सलग खेळू देईना. 2013 मध्ये जर्मनीने स्वीडनमध्ये पुन्हा युरो जिंकली तेव्हा मधल्या फळीत गेसलिंग आणि नादिने केसलर होत्या. मे 2015 मध्ये फ्रँकफर्टने बर्लिनमध्ये पॅरिस सेंट-जर्मेनला 2-1 हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याच वर्षी कुलिगने बूट खुंटीला टांगले. वय 25. एरवी मिडफिल्डरचा बहराचा काळ या वयात सुरू होतो.

तिच्याच पिढीतली केसलर 2014 ची जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि 2016 मध्ये, 28 व्या वर्षी, गुडघ्यामुळेच थांबली. याउलट निया क्युन्झर. तिचा क्रुशिएट लिगामेंट कारकिर्दीत चार वेळा तुटला, तरी 12 ऑक्टोबर 2003 रोजी कॅलिफोर्नियातल्या कार्सनमध्ये स्वीडनविरुद्ध बदली म्हणून उतरून 98 व्या मिनिटाला तिने डोक्याने मारलेला गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत पडताच सामना संपवणारा गोल, जर्मनीला पहिला महिला विश्वचषक देऊन गेला. ती 2008 पर्यंत खेळली. एकीचा गुडघा चार फटके खाऊन टिकला, दुसरीचा टिकला नाही, यावरून जिद्द कोणाची जास्त असं मोजणं चुकीचं आणि क्रूरही आहे. बंधाबरोबर आणखी काय काय दुखावलं, मेनिस्कस शिवता आला की कापावा लागला, कूर्चेवर किती ओरखडे पडले, यावर बरंच काही अवलंबून असतं. जिद्द त्यानंतरची. बातमीत मात्र ‘लिगामेंट तुटला, सहा महिने बाहेर’ एवढंच छापून येतं.

वीस मिनिटं

फिफाने तयार करवून घेतलेला ‘इलेव्हन प्लस’ हा वॉर्मअप बरेच प्रशिक्षक ऐकून असतात, पण पुरा करून घेत नाहीत. तीन भाग: 8 मिनिटं हळू धावणं, 10 मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी 2 मिनिटं वेगात धावणं व दिशा बदलणं. एकूण 15 व्यायाम, साहित्य म्हणजे शंकू आणि एक चेंडू. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या 1,892 मुलींवर तो तपासला गेला तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळल्या. मात्र आठवड्यातून निदान दोनदा, हंगामभर. जिथे तो ‘चालला नाही’ म्हणतात तिथे बहुधा मधली दहा मिनिटं गाळलेली असतात, कारण तीच कंटाळवाणी. पोटरीवर जोडीदाराने धरून गुडघ्यावर बसून पुढे झुकण्याचा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम त्याच दहा मिनिटांत आहे, आणि एका पायावर उडी घेऊन उतरणंही.

उतरताना पाहायचं काय? प्रशिक्षकाने समोर उभं राहावं, बाजूला नाही. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का, गुडघा वाकतोय का, कंबर मागे जातेय का, आवाज किती येतोय. धप्प आवाज आला म्हणजे हाडांनी धक्का घेतला, आवाज आला नाही म्हणजे स्नायूंनी. मुलीला ‘गुडघा बाहेर ठेव’ असं सांगण्यापेक्षा ‘आवाज न करता उतर’ सांगितलं की ती लवकर शिकते. मग उतरताना शेजारणीने खांद्याला हलका धक्का द्यायचा. सामन्यात हवेत कोणी एकटं नसतं.

वयाचा मुद्दा आपल्याकडेही तितकाच लागू. 2022 मध्ये 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला, जर्मनीचा संघ त्यात चौथा आला. मुलींमध्ये या दुखापतीचा धोका चढायला लागतो तो याच वयात. आणि कबड्डीत चढाई करणारी मुलगी मध्यरेषेकडे झेपावताना पाय मातीत वा मॅटवर रुततो, वरचं शरीर फिरतं, तेव्हा गुडघ्यात घडतं ते वोल्फ्सबुर्गपेक्षा वेगळं नसतं.

कुलिग फुटबॉलपासून लांब गेली नाही. 2021 पासून ती वोल्फ्सबुर्गच्या महिला संघाची सहायक प्रशिक्षक होती, म्हणजे आठव्या मिनिटाला जिथून बाहेर पडली त्याच शहरात. 3 जून 2023 रोजी आइंडहोवनमध्ये तो संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाकडून 3-2 हरला. त्याच उन्हाळ्यात तिने स्वित्झर्लंडमधल्या एफसी बाझेलच्या महिला संघाचं मुख्य प्रशिक्षकपद स्वीकारलं.